दात भरण्याआधीची मशागत

"डॉक्टर, जरा लवकर उरका, साडेपाचची एस.टी. गाठायची आहे." हे वाक्य मी स्वतः बोललो आहे, म्हणून आधी कबूल करून टाकतो. बाजारचा दिवस, दवाखान्यात गर्दी आणि खालची दाढ किडलेली. डॉक्टरांनी गालात कापूस ठेवला, तो मी जिभेने दोनदा ढकलला. मध्येच उठून चूळ भरली. वीस मिनिटांत दाताच्या रंगाचे सिमेंट भरून मी जिना उतरलो. एस.टी. मिळाली. पुढे दीड महिन्याने शेतावर हुरडा खाताना ते सिमेंट अख्खेच्या अख्खे हातात आले.

तुम्ही म्हणाल, माल हलका असेल. मीही तेच म्हणत होतो. पण हातातला तो तुकडा नीट पाहिला तेव्हा लक्षात आले की तो कुठेही फुटला नव्हता. दाढेतल्या खड्ड्याचा हुबेहूब साचा होता तो. माल हलका असता तर तुकडे पडले असते. हा तर चिकटलाच नव्हता. वाचकहो, दात भरण्याच्या कामात ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. दाताच्या रंगाचे सिमेंट, ज्याला डॉक्टर कॉम्पोझिट म्हणतात, ते किती दिवस टिकणार हे बऱ्याच अंशी ते भरण्याआधीच्या चार-पाच मिनिटांत ठरते. बी कितीही चांगले आणा, मशागत बिघडली तर उगवण नाही, तसेच हे.

पंक्चरवाल्याला विचारा

सायकलची ट्यूब पंक्चर झाली की दुकानदार काय करतो? आधी भोकाभोवतीची जागा कानशीने घासतो. मग सोल्यूशन लावतो, ते जरा वाळू देतो आणि मगच पॅच दाबतो. ओल्या, न घासलेल्या ट्यूबवर पॅच लावला तर तो गावाच्या वेशीपर्यंतही टिकत नाही. घासणे, पुसणे, सोल्यूशन, थांबणे. दाताच्या कामातही हाच क्रम आहे, फक्त घासण्याचे काम आम्ल करते आणि तोंडात लाळ नावाची एक मोठी अडचण असते.

पूर्वी ही कटकट नव्हती, कारण दातात चांदी भरत. चांदी म्हणजे पारा, चांदी, कथील आणि तांबे यांचे मिश्रण. ती दाताला चिकटत नाही, अडकून राहते. त्यासाठी खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद कोरावा लागे. आपल्याकडच्या धान्याच्या पेवासारखा. अमेरिकेतल्या जी. व्ही. ब्लॅक यांनी १९०८ साली आपल्या ग्रंथात खड्डा कसा कोरायचा याचे नियम घालून दिले आणि त्यावर दंतवैद्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. या पद्धतीत एक तोटा होता. माल अडकावा म्हणून चांगला, न किडलेला दातही कोरावा लागे. आता पाऱ्याचा वापर जगभर कमी होत चालला आहे. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ साली झाला, भारताने तो २०१८ साली मान्य केला, आणि युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद सोडता दातात चांदी भरणे बंद केले. म्हणजे पुढच्या काळात तुमच्या-माझ्या दातात भरले जाणारे सिमेंट बहुधा चिकटणारेच असेल.

एकाच दातात दोन जमिनी

दात बाहेरून एकसारखा दिसतो, पण त्यात दोन निराळ्या जमिनी आहेत. वरचे कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, बाकी थोडे पाणी आणि अगदी नावापुरता सेंद्रिय भाग. खडकच म्हणा. त्याच्या खाली डेंटिन. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, कोलॅजन नावाच्या तंतूंचा सेंद्रिय भाग सुमारे २० टक्के आणि १० टक्के पाणी. ही जमीन ओलसर, आणि तिच्यात बारीक नळ्यांचे जाळे. खसखशीच्या दाण्याएवढ्या जागेत, म्हणजे एका चौरस मिलिमीटरमध्ये, इनॅमलजवळ वीस हजारांच्या आसपास नळ्या आणि दाताच्या गाभ्याजवळ चाळीस हजारांच्या वर. या नळ्यांतून गाभ्याकडून सतत पाझर असतो. किडलेल्या दाताला गार पाणी लागले की कळ येते ती याच नळ्यांतले पाणी हलल्यामुळे.

खडकाळ माळ आणि ओलसर काळी यांना एकच मशागत चालेल का? दाताचेही तसेच आहे, आणि गेल्या सत्तर वर्षांतले संशोधन याच प्रश्नाभोवती फिरत आले आहे.

आधी खडकाचे उत्तर सापडले. अमेरिकेत रॉचेस्टर येथे काम करणारे मायकेल बुओनोकोर यांनी पाहिले की कारखान्यात धातूवर रंग पक्का बसावा म्हणून त्याला आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. ट्रॉलीला रंग देण्याआधी आपण पॉलिशपेपर मारतो, त्याच जातीचा हा प्रकार. त्यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल इनॅमलवर ३० सेकंद ठेवले, धुतले, वाळवले आणि वर रेझिन लावले. ते घट्ट बसले. १९५५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे राफेल बोवेन यांनी शोधलेल्या रेझिनचे पेटंट १९६२ साली झाले. आजची बरीचशी कॉम्पोझिटे त्याच घराण्यातली आहेत.

आम्ल इनॅमलवर नेमके काय करते? जुन्या बायकांना विचारा, पाट्याला टाकी लावणारा येऊन काय करीत असे. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर मसाला वाटला जात नाही, सरकतो. टाकी लावली की बारीक खळगे पडतात. आम्ल तेच करते, पण इतके बारीक की डोळ्यांना खळगे दिसत नाहीत. दिसते ते एवढेच की धुऊन वाळवल्यावर तेवढी जागा खडूसारखी पांढरी, निस्तेज होते. वरचा साधारण दहा मायक्रॉनचा थर विरघळतो आणि खाली असंख्य छिद्रे उघडी पडतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पातळ रेझिन त्या छिद्रांत उतरते आणि तिथे कडक होते. मुळांसारखे. नीट झालेली ही पकड दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास ओढ सोसते असे प्रयोगशाळेत मोजतात.

आता आम्लाची तीव्रता ३५ ते ३७ टक्क्यांवर आणली आहे आणि इनॅमलवर ते १५ ते ३० सेकंद ठेवतात. ते बहुधा निळ्या जेलच्या रूपात असते. निळे का? कुठे लावले आणि धुऊन पूर्ण निघाले का, हे दिसावे म्हणून.

डेंटिनला वाफसा हवा

खडकाचे सोपे होते. डेंटिनने मात्र संशोधकांना पंचवीस-तीस वर्षे झुलवले.

पहिली अडचण अशी की मशीनने दात कोरला की डेंटिनवर भुशासारखा एक लगदा बसतो. किडीचे अवशेष, खनिजाची पूड, जंतू, सगळे त्यात. जाडी एक-दोन मायक्रॉनच, पण तो नळ्यांची तोंडे बुजवतो. त्याच्यावर सिमेंट लावणे म्हणजे धुळीवर सारवण घालणे. पोपडा निघणारच. सुरुवातीचे लेप याच लगद्याला चिकटत आणि त्याच्यासकट सुटून येत.

दुसरी अडचण भीतीची होती. डेंटिनला आम्ल लावले तर नस मरेल असे बहुतेकांना वाटे. जपानमध्ये फुसायामा यांनी १९७९ साली इनॅमल आणि डेंटिन दोघांनाही आम्ल लावून दाखवले. मग १९८२ साली टोकियोच्याच नाकाबायाशी यांनी आत काय घडते ते दाखवले. आम्लाने वरवरचे खनिज निघून जाते आणि कोलॅजनच्या तंतूंचे जाळे मोकळे होते. त्या जाळ्यात रेझिन शिरून घट्ट होते आणि अर्धा दात, अर्धे रेझिन असा एक थर तयार होतो. त्याला त्यांनी हायब्रीड थर म्हटले. आपल्याकडे हायब्रीड म्हटले की ज्वारी आठवते. इथेही संकरच आहे, फक्त एक बाजू सजीव आणि दुसरी कारखान्यातली.

आता खरी गोम. हे तंतू ओले असतात तेव्हाच मोकळे उभे राहतात. विहिरीतले शेवाळ पाण्यात कसे पसरलेले असते आणि बाहेर काढले की चपटे होऊन एकमेकांना चिकटते, अगदी तसे. आम्ल धुतल्यावर हवेच्या जोराने डेंटिन कोरडे ठणठणीत केले तर जाळे बसून जाते, रेझिनला आत वाट मिळत नाही. सिमेंट वरून छान दिसते, पण दाताला कळा येत राहतात आणि पकड कच्ची राहते. उलट पाणी जास्त राहिले तर रेझिन पातळ होऊन फसते. म्हणजे चिखलही नको आणि ढेकूळही नको. वाफसा हवा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जॉन कान्का यांनी ओलसर डेंटिनवरच लेप लावण्याची पद्धत पुढे आणली ती हीच. जास्तीचे पाणी टिपून घ्यायचे, वाळवायचे नाही. डेंटिनवर आम्लही १५ सेकंदांहून जास्त नको, नाहीतर ते इतके खोल जाते की मागोमाग रेझिन तिथवर पोहोचत नाही.

हा वाफसा साधणे हाताचे कौशल्य आहे, आणि सगळ्यांना रोज साधेलच असे नाही. म्हणून दुसरी वाट निघाली. ज्यात आम्ल आणि लेप एकत्रच आहेत आणि धुवायचे नाही, असे लेप. त्यांतल्या चांगल्या लेपांत एम.डी.पी. नावाचा जपानी शोधाचा घटक असतो, तो दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो. डेंटिनवर हे लेप उत्तम चालतात आणि नंतरची कळ कमी राहते. पण त्यांचे आम्ल सौम्य असल्याने इनॅमलच्या खडकावर टाकी नीट बसत नाही. म्हणून आता पुष्कळ डॉक्टर फक्त इनॅमलच्या कडेला निळे जेल १५ सेकंद लावून धुतात आणि मग हा लेप सगळीकडे वापरतात. माझ्या मते सध्या तरी हीच वाट शहाणपणाची आहे.

लेप कुठलाही असो, तो नुसता फासून चालत नाही. छोट्या ब्रशने साधारण वीस सेकंद चोळावा लागतो, हलक्या हवेने त्यातला अल्कोहोलसारखा द्राव उडवावा लागतो आणि मग निळा लाईट. त्यानंतर कॉम्पोझिट, तेही दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला लाईट देऊन. कारण कडक होताना कॉम्पोझिट आकाराने दोन-तीन टक्के आकसते. उन्हाळ्यात काळी जमीन आकसून भेगाळते, तसे. कडेची पकड पक्की असेल तर ते टिकते. कच्ची असेल तर कडेला केसासारखी भेग पडते, तिच्यात लाळ आणि जंतू शिरतात, आणि वर्षा-दोन वर्षांत सिमेंटच्या खाली पुन्हा कीड. वरून दात चांगला, आतून पोकळ.

लाळेचा एक थेंब

आम्ल लावून धुतलेल्या जागेवर लाळेचा एक थेंब आला तरी सगळे काम पाण्यात जाते. लाळेतली प्रथिने काही सेकंदांत त्या उघड्या छिद्रांवर साय धरतात. मग पुन्हा धुणे आणि पुन्हा थोडा वेळ आम्ल, दुसरा इलाज नाही. माझ्या दाढेचे काय झाले हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. मी जिभेने कापूस ढकलला तेव्हा हेच झाले असणार. दोष माझाही होताच.

यावर जुना आणि नामी उपाय म्हणजे रबर डॅम. पातळ रबराच्या तुकड्याला भोक पाडून तेवढा एकच दात बाहेर काढायचा, बाकी सगळे तोंड झाकलेले. नावच धरणाचे! न्यूयॉर्कच्या बार्नम यांनी १८६४ साली तो काढला. तोंडावर रबर पाहून पेशंट घाबरतो, गुदमरेल असे त्याला वाटते. तसे काही होत नाही, नाकाने श्वास घ्यायचा. डॉक्टरांनी तो लावायचा म्हटले तर नको म्हणू नका.

आपल्याकडच्या तीन गोष्टी

डॉक्टरांपासून आपण ज्या लपवतो किंवा ज्या सांगायच्या राहून जातात, अशा तीन गोष्टी आहेत.

पहिली लवंगेचे तेल. दाढ ठणकली की रात्री बोळा भिजवून ठेवायचा, हे घरोघरी चालते. ठणका थांबतोही. पण लवंगेच्या तेलातले युजेनॉल रेझिनला नीट कडक होऊ देत नाही. तेल लावले असेल तर खुर्चीवर बसताच सांगा. डॉक्टर ती जागा जास्त निगुतीने साफ करतील किंवा आधी तात्पुरते औषध भरून नंतर बोलावतील. काही तात्पुरत्या सिमेंटांतही हेच युजेनॉल असते. त्यामुळे दुसऱ्या दवाखान्यात आधी काही भरले असेल तर तेही सांगावे.

दुसरी मिश्री. भाजलेल्या तंबाखूची पूड वर्षानुवर्षे बोटाने घासून दाताच्या मानेशी, हिरडीजवळ खाचा पडतात. राखुंडी, मीठ, विटेची पूड यांनीही तेच. या खाचांतले डेंटिन काचेसारखे चकचकीत आणि कडक झालेले असते, नळ्या खनिजाने बुजलेल्या असतात. तिथे साध्या पद्धतीने आम्ल लावून भागत नाही. मशीनने वरचा चकचकीत थर हलकेच खरवडावा लागतो, मगच पकड येते. खरवडण्याची ही पायरी चुकली की मानेशी भरलेले सिमेंट टिकत नाही, आणि बायाबापड्या म्हणतात, "माझ्या दाताला काही लागतच नाही बघा." आणि मिश्री चालूच ठेवली तर भरलेलेही झिजते, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट पाण्याची. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असे भारतीय मानक सांगते. लहानपणापासून त्याहून जास्त पोटात गेले की दातांवर पांढरे, तपकिरी डाग पडतात. अशा इनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही. तिथे आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते किंवा वरचा थर थोडा घासावा लागतो. तुमचे बालपण अशा गावात गेले असेल तर डॉक्टरांना गावाचे नाव सांगा. पोरांच्या दातांवर डाग दिसत असतील तर दाताच्या आधी बोअरचे पाणी तपासायला पाठवा.

शिबिर भरवणाऱ्यांसाठी

सरपंच मंडळी, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि शाळांचे मुख्याध्यापक यांच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. दंत शिबिर भरवले की संध्याकाळी बातमी येते, अमुक इतके दात तपासले, इतके भरले. भरलेले किती टिकले हे सहा महिन्यांनी कोणी विचारत नाही. शाळेच्या वर्गात, लाकडी खुर्चीवर, थुंकी ओढायच्या मशीनशिवाय, हाताखाली माणूस नसताना कॉम्पोझिट भरणे म्हणजे भर पावसात पंक्चर काढणे. डॉक्टर कितीही चांगला असो, जागा कोरडी राहत नाही. कॉम्प्रेसर असला तरी त्याच्या हवेत तेल आणि पाण्याचे तुषार येत असतील तर तेच दातावर बसतात. टायरला चालते, दाताला नाही.

अशा जागी दुसरे सिमेंट बरे, ग्लास आयोनोमर. विल्सन आणि केंट यांनी ते लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास तयार केले. ते दाताला आपणहून रासायनिक रीतीने चिकटते, थोडी ओल सोसते, त्याला लाईट लागेलच असे नाही, आणि त्यातून थोडे थोडे फ्लोराईडही सुटत राहते. चावण्याच्या जोरापुढे ते कॉम्पोझिटइतके दणकट नाही, हे खरे. आफ्रिकेत टांझानियात १९८० च्या दशकात वीज नसलेल्या खेड्यांत नुसत्या हातच्या हत्यारांनी कीड काढून हेच सिमेंट भरण्याची पद्धत बसवली गेली आणि ती पुढे अनेक देशांत गेली. पण मशागत इथेही सुटलेली नाही. सौम्य आम्लाने दहा सेकंद जागा पुसायची, धुवायची, टिपायची आणि मग भरायचे.

तेव्हा शिबिरात तपासणी करा, दुखरे दात पाहा, लहान खड्डे ग्लास आयोनोमरने भरा. कॉम्पोझिटची कामे दंतविभाग असलेल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात तारीख घेऊन पाठवा. जायला गाडीची सोय करा. शिबिराच्या मंडपापेक्षा तो खर्च कारणी लागेल. आणि बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला पेटी मांडून "दहा मिनिटांत पक्का दात" सांगणाऱ्याकडे कोणी जाऊ नये, हे चावडीवर सांगायला हरकत नाही. तो कीड न काढता वर झटपट कडक होणारा मसाला थापतो आणि खाली कीड वाढतच राहते. मग दात काढण्यापलीकडे काही उरत नाही.

पेशंटचे काम सोपे आहे. एका खड्ड्याला अर्धा-पाऊण तास लागणार असे धरून जा. शक्यतो बाजारचा दिवस टाळा. तोंड उघडे ठेवा, कापूस हलवू नका, मध्ये चूळ भरायची असेल तर हात वर करून विचारा. खड्डा लहान असतानाच जा, कारण तेव्हा कडा सगळीकडून इनॅमलच्या असतात आणि इनॅमलची पकड वर्षानुवर्षे टिकते. डेंटिनवरची पकड काळाने सैल होत जाते. पाणी आणि दातातलीच काही विकरे त्या तंतूंना हळूहळू खातात. हिरडीखाली गेलेला खड्डा तर कसलेल्या डॉक्टरांनाही दमवतो.

माझी दाढ मी दुसऱ्यांदा भरून घेतली तेव्हा सकाळची पहिली वेळ मागितली होती. चाळीस मिनिटे लागली. त्यातली सिमेंट भरण्याची फार तर दहा, बाकी सगळी साफ करण्यात, कोरडे ठेवण्यात, धुण्यात आणि लेप चोळण्यात गेली. शेवटी डॉक्टरांनी निळ्या कागदावर दात आपटून पाहायला लावले. एका जागी उंच लागत होते ते सांगितले, त्यांनी घासून दिले. हे सांगायला संकोचू नका, उंच राहिलेल्या सिमेंटवर प्रत्येक घासाचा जोर पडतो. कॉम्पोझिट लाईटने लगेच कडक होत असल्याने जेवायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही, पण इंजेक्शनची बधिरता उतरेपर्यंत थांबा, नाहीतर गालच चावला जातो. आणि कधी सिमेंट निघालेच, तर ते झटपट गोंदाने घरी चिकटवू नका, खड्ड्यात तंबाखूची चिमूटही दाबू नका. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, त्या बाजूने चावू नका आणि आठवड्याच्या आत डॉक्टर गाठा.